हायकू ओएस पेनड्राइव्हवरून : बूटच्या अडचणींच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

हेतू: हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम (आर१/बीटा५, १३ सप्टेंबर २०२४ ची आवृत्ती, ६४ बिट) दोन वेगळ्या पिढ्यांच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून बूट करणं, म्हणजे यंत्र तिच्यावरून सुरू करणं. आतल्या डिस्कला हात लावायचा नाही.

हायकू २००१ साली ओपनबीओएस या नावाने सुरू झाली आणि २००४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. ती बीओएस (BeOS) या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा वारसा चालवते. ती लिनक्स नाही. कर्नल (प्रणालीचा गाभा), बीएफएस ही फाइल सिस्टिम, पडद्यावर खिडक्या रंगवणारा ॲप सर्व्हर, सगळं तिचं स्वतःचं. हे सुरुवातीलाच नोंदवायचं कारण म्हणजे लिनक्सच्या पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं चालत आलेल्या युक्त्यांपैकी बऱ्याच इथे चालत नाहीत, आणि त्या करून बघण्यातच बहुतेकांचा वेळ जातो.

यंत्र अ: २०१२ चा लॅपटॉप, इंटेल तिसरी पिढी, ७ सिरीज चिपसेट, ४ जीबी रॅम, जुना बायोस (यंत्र सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर). डावीकडे दोन निळे पोर्ट (यूएसबी ३.०), उजवीकडे एक काळा (२.०).
यंत्र ब: २०१८ चा लॅपटॉप, इंटेल आठवी पिढी, ८ जीबी रॅम, फक्त यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर).
पेनड्राइव्ह दोन: ८ जीबीचा २.० आणि ३२ जीबीचा ३.०. शिवाय एक २.० हब आणि मीटरभर लांबीची २.० एक्स्टेन्शन वायर.

१० नोव्हेंबर

इमेज (अख्ख्या डिस्कची प्रत असलेली फाइल) लिहिणं. डाउनलोडचा एसएचए२५६ चेकसम (फाइल बिनचूक उतरली का ते सांगणारा आकडा) आधी जुळवून घेतला. बीटाची फाइल आयएसओ आहे. नाइटली (सतत बनत राहणारी चाचणी आवृत्ती) इमेज झिपमध्ये येते, ती आधी सोडवावी लागते. झिप तशीच पेनड्राइव्हवर लिहिली तर यंत्र ‘बूट करण्याजोगं काही नाही’ एवढंच सांगतं आणि माणूस चूक बायोसमध्ये शोधत बसतो.

या इमेजला एनीबूट म्हणतात. एकाच फाइलमध्ये तीन गोष्टी आहेत: डीव्हीडीसाठी आयएसओचा सांगाडा, बीएफएस पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग (एमबीआर या डिस्कच्या सुरुवातीच्या तक्त्यातला प्रकार ईबी) आणि एक छोटं ईएफआय पार्टिशन (प्रकार ईएफ). प्रणाली राहते ती बीएफएस पार्टिशनमध्ये. म्हणून फाइल जशीच्या तशी, पहिल्या बाइटपासून, अख्ख्या पेनड्राइव्हवर उतरली पाहिजे. लिनक्सवर डीडी ही बाइट जसेच्या तसे उतरवणारी आज्ञा वापरली: ओएफ समोर एसडीबी (अख्खी डिस्क), एसडीबी१ (तिचं एक पार्टिशन) नव्हे, बीएस ४एम, कॉन्व्ह समोर एफसिंक. आधी एलएसबीएलके (डिस्कची यादी देणारी आज्ञा) चालवून आकारावरून डिस्क ओळखली. इथे एका अक्षराची चूक झाली तर आतली डिस्क गेलीच. विंडोजवर रूफस वापरत असाल आणि त्याने आयएसओ की डीडी असं विचारलं, तर डीडीच निवडायचं. आयएसओ पद्धत फाइली काढून फॅटवर ठेवते आणि बीएफएस पार्टिशन मागेच राहतं.

एफसिंक गाळू नये. त्याशिवाय डीडी काही सेकंदांत ‘झालं’ म्हणतं, पण डेटा अजून रॅममध्येच असतो. त्या क्षणी पेनड्राइव्ह उपसला की पुढे बूट करताना लोडर (कर्नल रॅममध्ये आणणारा छोटा प्रोग्राम) सुरू होतो आणि पुढे कुठेतरी पॅकेज वाचताना बूट कोसळतं, दर वेळी वेगळ्या जागी.

लिहून झाल्यावर पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला आणि सीएमपीने इमेजच्या लांबीइतकाच भाग मूळ फाइलशी ताडून पाहिला. ८ जीबीचा जुळला. ३२ जीबीचा पहिल्या खेपेला जुळला नाही. दुसऱ्या पोर्टला लावून पुन्हा लिहिल्यावर जुळला. ही तपासणी पहिल्या बूटच्या आधीच करायची. पेनड्राइव्हवरची हायकू बीएफएसवर लिहू शकते, त्यामुळे एकदा सुरू झाली की बाइट बदलतात आणि ताडण्याला अर्थ राहत नाही.

विंडोजमध्ये हा पेनड्राइव्ह लावला तर ‘फॉरमॅट करायचा का’ असा प्रश्न येतो. विंडोजला बीएफएस कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नाही म्हणायचं.

१२ नोव्हेंबर

एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवून यादीतून निवडायचं साधन असतं, तेही करून पाहिलं. हायकूचा लोडर आला, चिन्हांची पट्टी (बूट पुढे सरकेल तशी एकेक पेटणारी सात चिन्हं) आली, चौथ्या चिन्हाशी पॅनिक (कर्नल चूक सांगून थांबतो ते): बूट पार्टिशन सापडलं नाही.

याचं कारण नीट समजून घेतलं, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचं मूळ तेच आहे. हायकूचं बूट दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात लोडर डिस्क वाचतो ती बायोसच्या किंवा यूईएफआयच्या मदतीने. त्याचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर नसतो. लोडर कर्नल रॅममध्ये आणतो आणि सोबत खूण देतो: मी अमुक ठिकाणच्या पार्टिशनवरून आलो, आणि त्या डिस्कच्या काही ब्लॉकांचे चेकसम हे. दुसऱ्या टप्प्यात कर्नल फर्मवेअरला बाजूला सारून स्वतःच्या ड्रायव्हरने यूएसबी उघडतो आणि खुणेवरून तेच पार्टिशन शोधतो.

अनेक-आयएसओवालं साधन आयएसओ फाइल ही डिस्क असल्याचा भास पहिल्या टप्प्यापुरताच उभा करतं. कर्नलला दिसतो खरा पेनड्राइव्ह: एक्सफॅटचं पार्टिशन आणि त्यात पडलेली एक फाइल. बीएफएस नाहीच, तर सापडणार काय? म्हणजे लोडर दिसला याचा अर्थ पेनड्राइव्ह कर्नललाही दिसेल असा होत नाही. हायकूसाठी पेनड्राइव्ह वेगळा ठेवायचा. यावर आता पुन्हा वेळ घालवायचा नाही.

१६ नोव्हेंबर

यंत्र अ. ३.० पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमध्ये. चौथ्या चिन्हाशी थांबलं.

चिन्हं सात, आणि ती पाठ असणं हे अर्धं निदान आहे. अणू: मॉड्यूल तयार होतात. डिस्कवर भिंग: मूळ फाइलरचना आणि डेव्ह उभी राहते. कार्ड: डिव्हाइस मॅनेजर. बूट डिस्क: बूट पार्टिशन जोडणं. चिप: प्रोसेसरची मॉड्यूल. फोल्डर: उरलेल्या उपप्रणाली. रॉकेट: बूट स्क्रिप्ट. तिसऱ्याशी अडलं तर एसीपीआय (वीज आणि हार्डवेअरची मांडणी) किंवा पीसीआय (आतल्या कार्डांची जोडणी) यांकडे बघायचं, चौथ्याशी अडलं तर साठवण आणि यूएसबीकडे, रॉकेट पेटून पडदा काळा झाला तर ग्राफिक्सकडे. मदत मागतानाही ‘बूट होत नाही’ असं लिहू नये. कितव्या चिन्हाशी थांबलं ते लिहावं.

तोच पेनड्राइव्ह काळ्या पोर्टमध्ये लावला: डेस्कटॉप आला. ८ जीबीचा २.० पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमध्येही चालला. म्हणजे इमेज ठीक, पेनड्राइव्ह ठीक. बिघाड आहे तो निळा पोर्ट आणि ३.० वेग यांच्या जोडीत.

७ सिरीज चिपसेटमध्ये यूएसबीचे दोन प्रकारचे कंट्रोलर असतात: जुना ईएचसीआय आणि नवा एक्सएचसीआय. निळ्या पोर्टच्या तारा दोघांमध्ये फिरवता येतात. काळा पोर्ट कायमचा ईएचसीआयवर. कर्नलचा एक्सएचसीआय ड्रायव्हर सुरू होताना हे पोर्ट स्वतःकडे ओढून घेतो. मग ३.० वेगाने पेनड्राइव्हशी बोलणं जमलं नाही की बूट डिस्कच नाहीशी होते.

बायोसमध्ये एक्सएचसीआय मोड असा पर्याय निघाला. तो बंद केला. निळा पोर्ट ईएचसीआयवर गेला, पेनड्राइव्ह २.० वेगाने चालला, बूट पूर्ण झालं. वेग कमी, पण बूट दर वेळी होतं. रोजच्या वापरात बायोस न बदलता काळा पोर्ट वापरणंच बरं.

१७ नोव्हेंबर

काल थांबलेल्या जागेची तपशीलवार नोंद मिळवली. बायोसवर लोडरचा मेनू आणायला शिफ्ट दाबून धरायचं, तेही बायोसचा पडदा जायच्या आत. उशीर झाला तर पट्टी येते आणि संधी गेली.

पॅनिकनंतर येतो तो केडीएल, कर्नलचा स्वतःचा डीबगर. पांढरी अक्षरं बघून घाबरायचं कारण नाही, डिस्कवर काही बिघडलेलं नसतं. बूट पार्टिशन न सापडल्याच्या पॅनिकमध्ये सिसलॉगच्या (प्रणालीच्या नोंदवहीच्या) शेवटच्या १५ ओळी आपोआप छापल्या जातात. जास्त हव्या असतील तर सिसलॉग, पाइप, टेल आणि आकडा. बीटी म्हणजे कुठल्या फंक्शनमधून इथे आलो त्याची माळ. रीबूट म्हणजे रीबूट. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड सहसा पीएस/२ मार्गाने जोडलेला असतो, म्हणून केडीएलमध्ये टाइप करता येतं. बाहेरून लावलेल्या यूएसबी कीबोर्डवर इथे विसंबू नये.

मोबाइलवर फोटो काढण्यापेक्षा चांगला मार्ग: लोडरच्या डीबग पर्यायांत डीबग सिसलॉग चालू ठेवायचा, पॅनिक होऊ द्यायचं, मग यंत्राची वीज न तोडता रीबूट करून पुन्हा लोडरच्या मेनूत यायचं. आता डीबग पर्यायांत मागच्या सत्राचा सिसलॉग दाखवण्याची आणि जतन करण्याची सोय दिसते. जतन करायला फॅट३२चा दुसरा पेनड्राइव्ह आधीच लावलेला हवा. पॉवर बटण दाबून यंत्र बंद केलं तर रॅममधली नोंद पुसली जाते. पहिल्या खेपेला तेच झालं.

पडद्यावर थेट संदेश बघायचे असतील तर त्याच यादीत पडद्यावरच्या डीबग संदेशांचा पर्याय आहे. संदेश पानापानाने येतात आणि प्रत्येक पानाला कळ दाबावी लागते. हे माहीत नसेल तर पहिल्याच पानाशी ‘अडकलं’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पानं नको असतील तर तीही तिथेच बंद करता येतात.

२३ नोव्हेंबर

यंत्र ब. पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दिसतो, निवडला की सुरक्षेचा इशारा येऊन यादी परत. कारण सिक्युअर बूट (फक्त डिजिटल सही असलेलाच लोडर चालू देणारी सोय): हायकूच्या लोडरवर त्यासाठी लागणारी सही नाही. तो बंद करावा लागतो, दुसरी सोपी वाट नाही.

बंद करण्याआधी एक काम मात्र विसरायचं नाही. यंत्रावर विंडोज असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन) चालू असेल, तर सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ४८ अंकांची ही की कागदावर हाताशी नसेल तर पुढे जाऊ नये. घरच्या लॅपटॉपवरही हे एनक्रिप्शन पुष्कळदा कुणी मुद्दाम चालू न करता चालू असतं.

मग लोडर आला. यूईएफआयवर शिफ्ट नाही. यंत्र सुरू होताच स्पेस कळ पुन्हा पुन्हा दाबत राहायचं.

बूट पुन्हा चौथ्या चिन्हाशी थांबलं. इथे यंत्र अ चा उपाय उपयोगी नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून चिपसेटमध्ये ईएचसीआय नाहीच; पोर्ट काळा असो वा निळा, मागे कंट्रोलर एकच, एक्सएचसीआय. ‘२.० पोर्टमध्ये लावून बघा’ हा जुना सल्ला या यंत्रावर शब्दशः पाळता येत नाही. पण वेग उतरवता येतो. २.० एक्स्टेन्शन वायरमध्ये ३.० च्या जादा तारा नसतात, त्यामुळे ३.० पेनड्राइव्हलाही ४८० मेगाबिटच्या वेगावर यावं लागतं. वायर लावली: चौथं चिन्ह पार. वायर काढून ८ जीबीचा २.० पेनड्राइव्ह थेट लावला: तोही पार. २.० हबमधूनही चाललं. तिन्ही उपायांत बदललेली गोष्ट एकच, यंत्र आणि पेनड्राइव्ह यांच्यातल्या संवादाचा वेग.

वीस-पंचवीस वेळा बूट केल्यावर पक्कं मत: हायकूसाठी पेनड्राइव्ह विकत घ्यायचा तर साधा २.० घ्यावा. प्रणाली लहान आहे, तिला वेगापेक्षा भरवशाचं बूट हवं.

२४ नोव्हेंबर

यंत्र ब वर रॉकेट पेटतो आणि पडदा काळा. लोडरच्या सेफ मोड यादीतून फेल-सेफ व्हिडिओ मोड निवडला: डेस्कटॉप आला. म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर या पॅनेलशी जमत नाही. फर्मवेअरने दिलेल्या फ्रेमबफरवर (पडद्यावरचं चित्र ठेवायच्या साध्या जागेवर) सगळं नीट चालतं. रेझोल्यूशन हवं तर लोडरच्याच व्हिडिओ मोडच्या यादीतून निवडायचं, डेस्कटॉप आल्यावर बदलता येत नाही.

सेफ मोडच्या यादीत एसीपीआय, आयओ-एपिक, एसएमपी बंद करणं, ४ जीबीच्या वरची रॅम दुर्लक्षित करणं असे बरेच पर्याय आहेत. सगळ्यांवर एकदम खुणा करायचा मोह होतो. करू नये. एका वेळी एकच. पाच पर्यायांनी बूट झालं तर खरा कुठला होता ते कळत नाही, आणि आजच्या यंत्रावर एसीपीआय बंद केलं की दुसरंच काहीतरी मोडतं, मग मूळ अडचण झाकली जाते. यंत्र ब ला एकच पर्याय लागतो.

वाय-फाय दोन्ही यंत्रांवर लगेच मिळालं. घड्याळ यंत्र ब वर साडेपाच तास मागे होतं: लिनक्सने हार्डवेअर घड्याळात ग्रिनिच वेळ ठेवली होती आणि हायकू तीच स्थानिक वेळ समजली. टाइमच्या पसंतींमध्ये हार्डवेअर घड्याळ जीएमटीवर केलं. यंत्र अ चा सीआर२०३२ सेल संपला होता, तारीख मागे गेली होती, त्यामुळे पॅकेज उतरवताना प्रमाणपत्राच्या चुका येत होत्या. सेल बदलला.

देवनागरीची स्थिती पाहून घेतली. अक्षरं दिसतात, पण ॲप सर्व्हर जोडाक्षरं जुळवत नाही आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते. ‘किल्ला’ वाचवत नाही. क्यूटी या प्रोग्राम बांधायच्या साधनसंचावर बांधलेले प्रोग्राम, उदाहरणार्थ फाल्कन ब्राउझर, अक्षरजुळणी स्वतः करतात; मराठी वाचायला तेच वापरले. हे मनापासून खटकलं, कारण बाकी प्रणाली इतकी चपळ आणि नेटकी आहे.

३० नोव्हेंबर

कायमची मांडणी. डीडीने लिहिलेल्या पेनड्राइव्हवर पार्टिशन इमेजएवढंच असतं; ३२ जीबीपैकी उरलेली सगळी जागा पडून राहते आणि आत मोकळी जागा थोडीच. चार पॅकेज बसवली की संपली. म्हणून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून बूट करून ३२ जीबीच्यावर इन्स्टॉल केलं.

ड्राइव्हसेटअप या डिस्क विभागायच्या साधनात ३२ जीबीची डिस्क निवडून जीयूआयडी पार्टिशन नकाशा (एमबीआरच्या जागचा नवा तक्ता). पहिलं पार्टिशन ईएफआय सिस्टिम डेटा प्रकाराचं, फॅट३२. १०० एमबी ठेवलं, गरज त्याहून कमी असते. बाकी सगळं बीएफएस. मग इन्स्टॉलर, लक्ष्य नवं बीएफएस. इथे डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचायचा, कारण यादीत लॅपटॉपची आतली डिस्कही असते.

इन्स्टॉलर संपला म्हणजे काम संपलं नाही. यूईएफआय यंत्रासाठी लोडर हाताने ठेवावा लागतो. नव्या फॅट३२ वर ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ डॉट ईएफआय नावाची फाइल. ती प्रणालीतच मिळते: सिस्टिम, डेटा, प्लॅटफॉर्म लोडर्स या फोल्डरमधली हायकू लोडर डॉट ईएफआय, नाव बदलून ठेवायची. नाव आणि जागा तंतोतंत हवी, कारण काढता येणाऱ्या डिस्कवर फर्मवेअर फक्त तिथेच बघतं. मग अनमाउंट करून बंद.

हा पेनड्राइव्ह यंत्र ब वर (वायरीसकट) चालतो, यंत्र अ वर नाही, कारण त्याचा बायोस यूईएफआय जाणत नाही. यंत्र अ साठी ८ जीबीचा एनीबूट तसाच ठेवला.

१ डिसेंबर

दर वेळी मेनूत शिरायला नको म्हणून फेल-सेफ व्हिडिओ मोड कायम केला. घरच्या फोल्डरात कॉन्फिग, सेटिंग्ज, कर्नल, ड्रायव्हर्स या वाटेवर कर्नल नावाची मजकूर फाइल आहे. तिच्यात हा पर्याय आधीच लिहिलेला असतो, पुढे हॅशचं चिन्ह. चिन्ह काढलं, जतन केलं, रीबूट. चाललं.

एखादा ड्रायव्हरच नको असेल तर सिस्टिम फोल्डरातून तो पुसता येत नाही. तिथलं सगळं पॅकेजांमधून माउंट होतं आणि फक्त वाचता येतं. त्याला अडवावं लागतं: सिस्टिमच्या सेटिंग्जमध्ये पॅकेजेस नावाची फाइल करून हायकू पॅकेजच्या खाली अडवलेल्या नोंदींत त्या ड्रायव्हरचा मार्ग लिहायचा. एकदाच करून बघायचं असेल तर लोडरच्या सेफ मोड यादीतूनही निवडक घटक बंद करता येतात.

७ डिसेंबर

अपडेट केलं. हायकू प्रत्येक बदलाआधीची पॅकेजांची स्थिती जपून ठेवते. अपडेटनंतर बूट बिघडलं तर लोडरच्या बूट व्हॉल्यूम यादीत व्हॉल्यूमखाली जुन्या स्थिती तारीख-वेळेसह दिसतात. त्यातली एक निवडली की कालची प्रणाली परत. मुद्दाम मागच्या स्थितीत जाऊन पाहिलं, नीट चाललं. पेनड्राइव्हवरच्या प्रणालीसाठी ही सोय फार मोलाची आहे.

एक गोष्ट मात्र या सोयीच्या बाहेर राहते: फॅट३२ वरचा लोडर. पॅकेज अपडेट झालं तरी तिथली प्रत जुनीच असते. बरेच दिवस काही बिघडत नाही, आणि मग एखाद्या मोठ्या आवृत्तीनंतर जुना लोडर नव्या कर्नलशी जुळेनासा होतो. म्हणून अपडेटनंतर प्लॅटफॉर्म लोडर्समधली फाइल पुन्हा कॉपी करायची, जुनी प्रत दुसऱ्या नावाने शेजारी ठेवून. तरीही अडलंच तर हे पार्टिशन लिनक्स किंवा विंडोजच्या यंत्रावरून दुरुस्त करता येतं. बीएफएसचं तसं नाही: लिनक्सचा ड्रायव्हर ते फक्त वाचतो, म्हणून तिथल्या सेटिंग्ज बदलायला हायकूच हवी. ८ जीबीचा एनीबूट पेनड्राइव्ह पुसायचा नाही, यासाठीच.

बाकी: यंत्र ब वर ३.० वेगाचा सिसलॉग अजून पूर्ण मिळालेला नाही. पुढच्या नाइटलीवर वायर न लावता ३.० पेनड्राइव्ह पुन्हा, डीबग सिसलॉग चालू ठेवून.